हात न लावता उघडणारी कचराकुंडी

अभियांत्रिकी महाविद्यालयातील पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या प्रकल्पांचे प्रदर्शन पाहण्याचा योग नुकताच आला. माझा भाचा तेथे शिकतो. "मामा, तुम्ही याच," असा त्याचा आग्रह होता, म्हणून कोर्टातील तारीख आटोपून काळ्या कोटातच गेलो. सभागृहात टेबले मांडली होती. प्रत्येक टेबलामागे पाच विद्यार्थ्यांचा गट, पुढे थर्माकोल, वायरी आणि लुकलुकणारे दिवे. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी होती, कुंडीतील माती सुकली की पाणी सोडणारी नळी होती, अंधांना अडथळा सांगणारी काठी होती. आणि कचराकुंड्या होत्या. मी मोजल्या. सात गटांनी एकच कचराकुंडी केली होती. तिला ‘स्मार्ट डस्टबिन’ म्हणतात.

ही स्मार्ट डस्टबिन कशी चालते ते वाचकांना सांगितले पाहिजे. झाकणासमोर दोन डोळ्यांसारखा एक अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवलेला असतो. तो कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी सोडतो. समोर हात आला की त्या लहरी आपटून परत येतात. जायला-यायला लागलेल्या वेळेवरून अर्डुइनो नावाची छोटी पाटी अंतर काढते आणि हात जवळ आला असे दिसले की छोट्या मोटरला हुकूम देते. झाकण आपोआप उघडते, कचरा पडतो, झाकण मिटते. टाकणाऱ्याचा हात कुठेही लागत नाही. मुलांनी मोठ्या उत्साहाने कागदाचा बोळा टाकून दाखवला. मलाही कौतुक वाटले, खोटे कशाला बोलू?

मग मी विचारले, "ही भरल्यावर रिकामी कोण करणार?"

"सर, ते हाउसकीपिंगचे काका करतात."

"त्यांचा हात लागेल ना? शिवाय या वायरी कुंडीलाच चिकटवलेल्या आहेत. कुंडी उलटी कशी करणार? धुणार कशी?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांच्यातील एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, ते आमच्या प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये नाही."

हे एक वाक्य ऐकून मी घरी आलो आणि त्या वाक्यावरच आज लिहीत आहे.

ज्या देशात शतकानुशतके माणसाच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला, त्या देशातील अठरा वर्षांच्या मुलांना सुचलेले पहिले यंत्र स्पर्श टाळणारे असावे आणि तेही फक्त कचरा टाकणाऱ्याचा स्पर्श टाळणारे असावे, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येईल काय? मुलांवर माझा राग नाही. या कुंडीचा आराखडा, प्रोग्रॅम सगळे तयार मिळते. सेन्सर, पाटी, मोटर बाजारात सुटी मिळतात. २०२० च्या कोरोनानंतर तर स्पर्शाविना चालणाऱ्या वस्तूंची फॅशनच झाली. मुलांनी सोपे ते केले. परंतु सोपे काय आणि अवघड काय, कुणाचा त्रास म्हणजे ‘प्रॉब्लेम’ आणि कुणाचा त्रास म्हणजे नशीब, हे मुलांच्या आधी समाजाने ठरवून ठेवलेले असते.

पूर्वी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये सुतारकाम, फिटिंग आणि ड्रॉइंग बोर्डवर रेघोट्या एवढेच असे. आता तसे नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने २०१९ च्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी प्रकल्पाधारित शिक्षणाचा विषय आणला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून महाविद्यालयांत आयडिया लॅब सुरू करवल्या. गरज ओळखा, प्रश्न नेमक्या शब्दांत लिहा, चार-पाच उपाय सुचवा, त्यातील एकाची प्रतिकृती करा, वापरून पाहा, चुकले ते सुधारा, अशी ही रीत आहे. रीत उत्तम आहे. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या शिक्षणात असा विषय आला याचे आंबेडकरी माणसाने स्वागतच केले पाहिजे. दुःख आहे हे आधी मान्य करा, मग त्याचे कारण शोधा, मग ते नाहीसे करण्याचा मार्ग शोधा, ही रीत आपल्याला नवी नाही.

परंतु यात सगळे काही पहिल्या पायरीवर अवलंबून आहे. आम्हा वकिलांना हे चांगले ठाऊक असते. दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी न्यायाधीश मुद्दे काढतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १४ त्यासाठीच आहे. जो मुद्दा निघालाच नाही त्यावर पुरावा येत नाही, युक्तिवाद होत नाही आणि निकालही होत नाही. कित्येक गरीब पक्षकारांचे दावे निकालाच्या दिवशी नव्हे, मुद्दे काढण्याच्या दिवशीच हरलेले मी पाहिले आहेत. प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणजे इंजिनिअरांचा आदेश १४. तेथे सफाई कामगाराचे नाव आले नाही तर पुढे कितीही हुशार मुले आली आणि कितीही महागडे सेन्सर आले, तरी त्याच्या वाट्याला काही येणार नाही.

आता माझ्या भाच्याबद्दल. त्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात आहेत. भाच्याचा गट हजेरीपटावरील क्रमांकाने पडला होता. विषय निवडायच्या दिवशी त्याने सुचवले की अरुंद गल्लीतील ड्रेनेजचे चोकअप माणूस आत न उतरवता काढता येईल असे काही करू. गटातील एक जण हसून म्हणाला, "डेमोला गटाराचं पाणी आणायचं का?" शिकवणाऱ्या सरांनी विषय चांगला असल्याचे सांगितले, पण तो ‘प्रेझेंटेबल’ नाही असेही सांगितले. दुसऱ्या दिवशी भाच्याने स्वतःच विषय मागे घेतला. का, म्हणून मी विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, कोणी विचारलं असतं, तुला एवढं कसं माहीत, तर मी काय सांगणार होतो?" त्याने वर्गात वडिलांची नोकरी ‘सरकारी’ एवढीच सांगितली आहे.

पुढे कामाची वाटणी झाली. ज्याच्याकडे नवा लॅपटॉप होता त्याने प्रोग्रॅम केला. जो इंग्रजी शाळेतून आला होता त्याने परीक्षकांपुढे भाषण केले. आमच्या पोराकडे बाजारातून सामान आणणे आणि अहवालाच्या प्रती काढून स्पायरल बाइंडिंग करणे आले. प्रदर्शनाच्या दिवशी तो टेबलाच्या कडेला विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड धरून उभा होता. त्या गटाने काय केले होते ते सांगायला नको. सातांपैकी एक कुंडी त्यांचीच होती.

यात कोणी कोणाला शिवी दिली नाही. कोणी जात विचारली नाही. ॲट्रॉसिटीचे कलम लावावे असे काहीही घडले नाही, हे मी वकील म्हणून सांगतो. तरी पाच जणांच्या गटात अंगमेहनत कुणी करायची आणि बोलायचे कुणी, हे आपोआप ठरून गेले. ज्याला प्रश्न माहीत होता तो सामान वाहत राहिला. आयआयटी मुंबईत फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षातील एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये संस्थेने लेखी सूचना काढली की विद्यार्थ्यांनी एकमेकांना प्रवेश परीक्षेतील रँक किंवा प्रवर्ग विचारू नये. सूचना योग्यच होती. पण सामान कोण आणणार आणि माइक कोण धरणार, यावर कोणाची सूचना निघालेली मी पाहिली नाही. प्रत्येक गटात प्रत्येकाने प्रत्येक काम आळीपाळीने करायचे आणि गुण त्यावर द्यायचे, एवढा साधा नियम शिक्षकाला करता येतो. त्याला पैसे लागत नाहीत.

ज्या विषयाला ‘प्रेझेंटेबल नाही’ म्हणून बाजूला सारले, तो विषय या देशाच्या संसदेने कायद्यात लिहून ठेवला आहे. हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनास प्रतिबंध करणारा व त्यांच्या पुनर्वसनाचा कायदा २०१३ साली झाला आणि ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून, अमलात आला. त्याचे कलम ३३ प्रत्येक अभियांत्रिकी शिक्षकाने वाचावे. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना मैला माणसाने हाताळण्याची गरजच उरू नये यासाठी योग्य तांत्रिक साधने वापरणे हे प्रत्येक स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. इंजिनिअरच्या भाषेत हेच प्रॉब्लेम स्टेटमेंट झाले.

या कायद्यात एक फटही आहे. मैला हाताळणारा माणूस कोण, याच्या व्याख्येला जोडलेले एक स्पष्टीकरण असे आहे की सरकारने ठरवलेली साधने व संरक्षक साहित्य वापरून काम करणाऱ्याला मैला हाताळणारा मानले जाणार नाही. म्हणजे हातमोजे आणि बूट चढवले की माणूस तोच, मैला तोच, फक्त कायद्याच्या नजरेतून तो नाहीसा होतो. म्हणूनच डिझाइन शिकणाऱ्या मुलांना मी सांगू इच्छितो की जास्त चांगला हातमोजा किंवा जास्त लांब दांड्याचे फावडे बनवून तुम्हाला टाळ्या मिळतील. पण तुमचे साधन आल्यावर माणसाला आत उतरावे लागते की नाही, हीच त्याची कसोटी. उतरावे लागत असेल तर तुम्ही जातीला नवे अवजार करून दिले.

आणि हातमोजे तरी कुठे मिळतात? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व सेप्टिक टँक साफ करताना ३७७ माणसे मेली. सरकारनेच करवलेल्या सामाजिक लेखापरीक्षणात ५४ मृत्यूंची छाननी झाली, तेव्हा ४९ जणांच्या अंगावर कसलेही संरक्षक साहित्य नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूची भरपाई दहा लाख रुपये ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘मॅनहोल’चे ‘मशीनहोल’ करण्याची घोषणा झाली. नाव बदलायला काय लागते?

प्रदर्शनाच्या रात्री आम्ही बहिणीच्या घरी जेवलो. जेवण झाल्यावर भाच्याने वही काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना त्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारले. दाजी आधी टाळत होते. "अभ्यास कर, हे काय विचारतो," म्हणाले. मग बोलू लागले ते रात्री बारापर्यंत. मी वीस वर्षे कामगारांचे खटले चालवतो, पण त्या रात्री मला कळले ते कोणत्याही फिर्यादीत वाचले नव्हते.

पाण्याचा जोर मारणारी जेटिंगची गाडी आणि गाळ ओढणारी गाडी महापालिकेकडे आहे. पण ती उभी राहते मुख्य रस्त्यावर. वस्तीतील गल्ली दोन माणसे अंग चोरून जातील एवढी. तेथे अजूनही बांबूच्या लांब पट्ट्या एकमेकींना बांधून लाइनमध्ये सारतात. गाडी पोहोचली तरी तिचा नळ पातळ गाळ ओढतो. विटेचा तुकडा, सिमेंटचा गोळा, नारळाची करवंटी, पिळा पडलेली साडी त्याला निघत नाही. "शेवटची वीट माणूसच काढतो," दाजी म्हणाले. ती एक वीट काढण्यासाठी खांदे तिरके करून माणूस आत जातो.

वायूचे तसेच. आमच्या सायन्सच्या पुस्तकात सडक्या अंड्याच्या वासाचा म्हणून शिकलो तो हायड्रोजन सल्फाइड चेंबरमध्ये साचतो. हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस उतरतो. सातशे ते हजार भागांपर्यंत पोहोचला की दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. एका चेंबरमध्ये एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन मृतदेह का सापडतात याचे हे कारण आहे. दाजी म्हणाले, "आम्ही आजूबाजूची दोन झाकणं उघडून तास-दोन तास थांबतो. पण मुकादमाला घाई असते."

या एका रात्रीत पहिल्या वर्षाच्या मुलांना पुरतील असे निदान चार विषय निघाले. पाइपाचे तुकडे जोडत खाली सोडता येईल आणि वरून दोरी ओढली की मिटेल असा लोखंडी पंजा, जो ती शेवटची वीट वर आणील. वस्तीतील घरांची जोडणी मुख्य लाइनला मिळते तेथे साडी-करवंटी अडवणारी आणि वरूनच उचलून साफ करता येणारी जाळी. कोणत्या गल्लीत किती रुंदीची गाडी जाऊ शकते याचा नकाशा, ज्यावरून महापालिकेला छोट्या गाड्यांची मागणी करता येईल. आणि दोरीने खाली सोडायचा वायूमापक. या शेवटच्या विषयाबाबत मात्र सावधगिरी हवी. बाजारातील स्वस्त एमक्यू सेन्सर गरम व्हायला वेळ घेतात, ओलाव्याने फसतात आणि एका वायूऐवजी दुसऱ्यालाही दाद देतात. गुण मिळवण्यापुरते ते ठीक. त्यांच्या भरवशावर ‘आता उतरा’ असे कोणी सांगितले तर तो सदोष मनुष्यवध होईल. तो खेळण्यातला मापक का फसतो, हे शोधणे हाच खरा प्रकल्प.

हे विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी म्हणेल, तर केरळकडे पाहावे. मलप्पुरम जिल्ह्यातील कुट्टिप्पुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील काही मुले शिकत असताना माणसाच्या अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा बनवत होती, सिनेमातल्या नायकासारखा. २०१५ साली कोळिकोडे येथे मॅनहोलमध्ये दोन कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला एक रिक्षाचालक मरण पावले. त्या घटनेनंतर त्या मुलांचे लक्ष मॅनहोलकडे वळले. त्यांच्या जेनरोबोटिक्स कंपनीचे बँडिकूट हे यंत्र २०१८ मध्ये तिरुवनंतपुरम येथे कामाला लागले. ते वर उभे राहते, त्याचा हात आत जातो आणि ते चालवायला सफाई कामगारांनाच शिकवले जाते. यंत्र महाग आहे, अरुंद गल्लीचा प्रश्न तेही पूर्ण सोडवत नाही, आणि यंत्र असतानाही ठेकेदार माणूस उतरवतो, तेव्हा तो गुन्हा इंजिनिअरचा नसतो. हे सगळे खरे. पण त्या मुलांची हुशारी आमच्या मुलांपेक्षा निराळी नव्हती. त्यांचा प्रश्न निराळा झाला.

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ पासून, स्थानिक संस्थांची गरज पाहून विद्यार्थी काम करतील आणि त्याचे गुणही मिळतील, अशी सोय केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रातील विद्यार्थ्यांनी ठाणे जिल्ह्यातील टँकरवर जगणाऱ्या गावांच्या पाण्याचा अभ्यास केला, आणि २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानाने इतर महाविद्यालयांनाही त्या वाटेवर आणण्याचा प्रयत्न केला. म्हणजे वाट आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. पाणी आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते आणि देशाच्या मोठ्या जलनियोजनाचा, वीजनियोजनाचा पाया त्या काळात घातला गेला. यंत्राला शत्रू मानणाऱ्या विचाराला त्यांचा ठाम विरोध होता. यंत्रामुळे कष्टकऱ्याला उसंत मिळते आणि उसंत मिळाल्याशिवाय माणसाला माणूस म्हणून वाढता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. आज त्यांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथे आहे, महाडच्या चवदार तळ्यापासून जवळच. २०१४ च्या कायद्याने राज्यभरातील महाविद्यालयांना त्याच्याशी संलग्न होता येते. ज्या विद्यापीठाच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव छापले जाते, त्याच्या पहिल्या वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीत कलम ३३ असावे, ही मागणी लोणेऱ्याला नाही करायची तर कुठे करायची?

आपल्या जयंती मंडळांनाही एक विचारावेसे वाटते. १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीवर जो खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्शात वस्तीच्या बुद्धविहारात मुलांच्या प्रकल्पांचे प्रदर्शन भरते. टेबले विहारात आहेत, वीज आहे. परीक्षक म्हणून प्राध्यापक बोलवावेत, त्यांच्या शेजारी ड्रेनेज खात्यातील, घंटागाडीवरील, हाउसकीपिंगच्या ठेक्यावरील बाया-माणसे बसवावीत आणि गुण दोघांनी मिळून द्यावेत.

आमच्या वस्तीत आम्ही हे करायचे ठरवले आहे. भाच्याच्या गटातील दोन मुले विहारात येऊन गेली. दाजींनी त्यांना वहीतील आकृती दुरुस्त करून दिली. मुलांनी चेंबरचे तोंड गोल काढले होते, आमच्या गल्लीतले चौकोनी आहे. परीक्षक म्हणून बसायला दाजी तयार आहेत. फक्त त्या दिवशी रात्रपाळी नसावी, एवढी त्यांची अट आहे, आणि त्यासाठी खात्याला अर्ज मी लिहून दिला आहे.